उडत्या पक्ष्याचे चित्रण

उडत्या पक्ष्याचे चित्रण म्हणजे हवेत असलेल्या पक्ष्याचे शरीर, पंख व पिसे यांचे प्रत्यक्ष निरीक्षणावर आधारलेले वास्तवदर्शी रेखाटन किंवा रंगचित्र होय. निसर्गचित्रण, वैज्ञानिक चित्रण आणि पक्षी ओळखण्याच्या हस्तपुस्तिका या तिन्ही क्षेत्रांत त्याचा उपयोग होतो. बसलेला पक्षी चित्रकाराला काही क्षण तरी निरखता येतो. उडणाऱ्या पक्ष्याची मुद्रा मात्र सतत बदलत असते आणि पारव्यासारख्या पक्ष्याचे पंख एका सेकंदात पाचांहून अधिक वेळा खालीवर होतात. त्यामुळे हे चित्रण केवळ दिसलेल्या आकाराची नक्कल करून साधत नाही. पंखाची रचना आणि तिची हालचाल यांचे ज्ञान त्यासाठी आवश्यक ठरते.

महाराष्ट्रातील शाळकरी मुलांच्या निसर्गदृश्यांत आकाशात काढली जाणारी 'बरोबर'च्या खुणेसारखी पाखरे सर्वांच्या परिचयाची आहेत. शासकीय रेखाकला परीक्षेच्या स्मरणचित्रांतही ती हमखास आढळतात. या खुणेची चेष्टा होत असली तरी ती निराधार नाही. दूरवरच्या पक्ष्याचे दोन पंख आणि त्यांतील बाक एवढेच डोळ्याला दिसते व तेवढेच ती नोंदवते. अडचण पक्षी जवळ आल्यावर सुरू होते. त्या दोन रेषांच्या आत काय आहे, हे ठाऊक नसेल तर चित्रकार तीच खूण मोठी करून तिच्यावर पिसे काढू लागतो.

इतिहास

उडत्या पक्ष्यांची चित्रे प्राचीन काळापासून आढळतात. इजिप्तमधील नेबामुन याच्या थडग्यातील, इ.स.पू. १३५० च्या सुमाराचे आणि सध्या ब्रिटिश म्युझियममध्ये असलेले भित्तिचित्र पाणथळीतील पक्ष्यांच्या शिकारीचे आहे. त्यात लव्हाळ्यांतून उठलेल्या पक्ष्यांचे पंख पसरलेले दिसतात. चीन व जपानमध्ये वाळूच्या बेटावर उतरणारे रानहंस हा चित्रकलेचा एक रूढ विषयच होता. जपानी चित्रकार हिरोशिगे याने एडो शहराच्या शंभर दृश्यांच्या मालिकेत १८५७ साली केलेल्या एका मुद्राचित्रात बर्फाच्छादित मैदानावर झेपावणारा गरुड चित्राच्या वरच्या कडेला लावून दाखवला आहे. प्रेक्षक त्या पक्ष्याच्याही वर असल्याचा भास त्यामुळे होतो.

पंख कसा चालतो, या प्रश्नाचा पद्धतशीर पाठपुरावा लिओनार्दो दा विंची याने केला. १५०५ च्या सुमाराची त्याची पक्ष्यांच्या उड्डाणावरील वही इटलीतील तोरिनो येथील राजग्रंथालयात जतन केलेली आहे. घारीसारखे शिकारी पक्षी वारा, पंख व शेपूट यांचा मेळ कसा घालतात, याची लहान लहान रेखाटने त्यात मजकुराच्या कडेने येतात. ती सुबक नाहीत. पण पक्ष्याचे वजन कोठे आहे आणि हवा त्याला कोठून उचलते, हे त्यांतून कळते. त्याच काळातील आल्ब्रेख्त ड्यूरर याने नीलपंख जातीच्या मृत पक्ष्याच्या एकाच पंखाचे जलरंगातील चित्र केले. ते व्हिएन्नातील आल्बेर्तिना संग्रहालयात आहे. या पंखाला उड्डाण नाही. परंतु पिसांचे थर, त्यांचा क्रम आणि रंगांचा पालट यांच्या अभ्यासाचा तो आजही नमुना मानला जातो.

भारतात जहांगीर बादशहाच्या दरबारातील उस्ताद मन्सूर हा पक्षिचित्रणासाठी प्रसिद्ध आहे. 'नादिर-उल-अस्र' हा किताब त्याला मिळाला होता. त्याचे पक्षी बहुतांशी उभे किंवा बसलेले आहेत, कारण त्या चित्रांचा हेतू पक्ष्याची ओळख अचूकपणे नोंदवण्याचा होता.

अमेरिकन चित्रकार जॉन जेम्स ऑड्युबॉन याचा 'द बर्ड्स ऑफ अमेरिका' हा ४३५ चित्रपत्रांचा ग्रंथ १८२७ ते १८३८ या काळात प्रसिद्ध झाला. तो ताजे मारलेले पक्षी तारांच्या आधारे चौकडी आखलेल्या फळीवर हव्या त्या मुद्रेत बसवत असे आणि मग ते जीवनमानाच्या आकारात रेखाटत असे. त्याच्या चित्रांतील पंखांचा तपशील विलक्षण आहे. मात्र काही मुद्रा ताणलेल्या वाटतात, आणि याचे मूळ त्या पद्धतीतच आहे: तारेवरचा पक्षी स्वतःचे वजन पेलत नसतो.

छायाचित्रणाने या विषयात मोठा फरक पडला. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ एतियेन-ज्यूल मारे याने १८८२ मध्ये बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा तयार केला. तो सेकंदाला १२ प्रतिमा घेत असे. पुढे त्याने काळ्या पार्श्वभूमीसमोरून उडणाऱ्या पांढऱ्या पक्ष्याच्या लागोपाठच्या मुद्रा एकाच काचेवर टिपल्या. १८९० मध्ये पक्ष्यांच्या उड्डाणावरील त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. एडवर्ड मायब्रिज याच्या १८८७ च्या 'अ‍ॅनिमल लोकोमोशन' या संग्रहातही पक्ष्यांच्या उड्डाणाच्या मालिका आहेत. चित्रकार ज्या मुद्रा अंदाजाने काढत होते, त्या आता पडताळून पाहता येऊ लागल्या. त्यानंतरच्या पिढीतील स्वीडिश चित्रकार ब्रूनो लिल्येफोर्स (१८६०–१९३९) याने समुद्रगरुड व पाणपक्षी त्यांच्या परिसरासह, वाऱ्याप्रकाशासह रंगवले.

पंखाची रचना

पक्ष्याचा पंख हा मूलतः हात आहे. त्यात खांदा, दंड, कोपर, पुढचा हात, मनगट आणि पंजा हे सर्व भाग असतात. पंजाची हाडे एकमेकांत जुळलेली असून बोटे कमी झालेली असतात. हे लक्षात घेतले की चित्रातील पुष्कळ अडचणी दूर होतात. पिसांनी झाकलेला दंड आखूड वाटतो आणि बराचसा शरीरालगत राहतो, म्हणून नवशिक्यांना पंख थेट कोपरापासूनच सुरू झाल्यासारखा दिसतो. कोपर मागे, शेपटीच्या दिशेला असतो आणि मनगट पुढे, चोचीच्या दिशेला. वरून पाहिल्यास खांदा–कोपर–मनगट–टोक अशी नागमोडी रेषा तयार होते. खांदा व मनगट यांच्या दरम्यान त्वचेचा ताणलेला पडदा असल्यामुळे पंखाची पुढची कड मात्र सलग दिसते आणि कोपराची घडी त्याआड लपते.

पुढच्या हातातील दोन समांतर हाडे आणि त्यांना जोडणारे स्नायुबंध यांमुळे कोपर व मनगट बरोबरच उघडतात आणि बरोबरच मिटतात. कोपर दुमडलेला पण पंजा पूर्ण ताणलेला, अशी मुद्रा जिवंत पक्षी सहसा घेत नाही. चित्रात ती आली की पंख मोडल्यासारखा दिसतो. पाहणाऱ्याला कारण सांगता आले नाही तरी खटकते.

उड्डाणाची मोठी पिसे दोन गटांत पडतात. पंजाला जोडलेली ती प्राथमिक पिसे. बहुतेक पक्ष्यांत ती ९ ते ११, साधारणतः १० असतात. पुढच्या हाताला जोडलेली ती दुय्यम पिसे. त्यांची संख्या हमिंगबर्डमध्ये ६, तर मोठ्या अल्बट्रॉसमध्ये ४० च्या आसपास असते. प्राथमिक पिसे पंख्याच्या काड्यांप्रमाणे मनगटाच्या पुढील भागातून फाकतात, तर दुय्यम पिसे जवळजवळ समांतर राहतात. या दोन दिशांमधील बदल ज्या ठिकाणी होतो, तेथे पंखाच्या मागच्या कडेला अनेक पक्ष्यांत हलकी खाच दिसते. या मोठ्या पिसांच्या बुडख्यांवर कौलांसारखी आच्छादक पिसांची रांगेवर रांग असते. मनगटाजवळ अंगठ्याच्या हाडावर तीन-चार लहान, ताठ पिसांचा झुपका असतो. पक्षी उतरताना किंवा वेग मंदावताना तो वर उचलला जातो.

पिसे एकमेकांवर कशी बसतात, हा क्रम निश्चित आहे. पंख वरून पाहिला तर शरीराकडील पीस त्याच्या बाहेरील पिसावर चढलेले असते, म्हणून प्रत्येक पिसाचे अरुंद बाहेरील पाते दिसते आणि रुंद आतील पाते शेजाऱ्याखाली जाते. खालून पाहिल्यास हाच क्रम उलट भासतो आणि सर्वांत बाहेरचे पीस पूर्ण दिसते. याला यांत्रिक कारण आहे. पंख खाली मारताना हवा रुंद पात्याला वर रेटते, ते शेजारच्या पिसाला टेकते आणि पंख बंद पडद्यासारखा होतो. पंख उचलताना हाच पडदा सैल होऊन हवेला वाट देतो. शेपटीतही मधली दोन पिसे सर्वांत वर व बाकीची त्यांच्या खाली सरकलेली असतात. बहुतेक पक्ष्यांत शेपटीची १२ पिसे असतात.

हे सारे प्रत्यक्ष पाहण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे कोंबडी विकणाऱ्याकडून पिसांसह एक पंख मागून घेणे. तो हातात धरून हळूहळू उघडला-मिटला की कोपर-मनगटाची जोडी, त्वचेचा पडदा आणि पिसांचा क्रम पाच मिनिटांत कळतो. रानपक्ष्यांचे अवशेष गोळा करणे मात्र टाळावे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार संरक्षित जातींच्या बाबतीत त्यावर निर्बंध आहेत.

पंखांची हालचाल

पंख केवळ खालीवर होत नाहीत. खाली येताना ते पुढेही जातात आणि वर जाताना मागे. खालच्या फटक्यात पंख पूर्ण पसरलेला, पिसे जवळ आणि टोके भाराने वर वाकलेली असतात. ही वाकलेली टोकेच पक्षी हवेवर टेकला असल्याचे दाखवतात; ती सरळ काढली की पक्षी हवेत लटकवल्यासारखा वाटतो. वरच्या फटक्यात मनगट आधी उचलले जाते, पंजा दुमडून खाली लोंबतो आणि प्राथमिक पिसे फाकतात. म्हणजे एकाच पंखाचा आतील अर्धा भाग वर निघालेला आणि बाहेरचा अजून खालीच, असा क्षण प्रत्येक फटक्यात येतो. तो चित्रात अवघड असला तरी पारवा किंवा बगळा दाखवताना फार उपयोगी पडतो.

दोन्ही फटक्यांचे मुख्य स्नायू छातीवरच असतात. पंख उचलणारा स्नायूही तेथेच असून त्याचा कंडरा खांद्यावरून कप्पीसारखा फिरून दंडाच्या वरच्या बाजूला जोडलेला असतो. म्हणून उडत्या पक्ष्याचे वजन पुढे, छातीत असते व पाठ तुलनेने सपाट राहते. पंख शरीराच्या मध्यावर नव्हे, तर मानेच्या मुळाजवळ, पाठीच्या बाजूने निघतात.

वेगाने सरळ उडणाऱ्या पक्ष्याचे शरीर जवळजवळ आडवे असते. उतरताना किंवा झेप घेताना ते उभे होते, शेपूट पसरते व पाय पुढे येतात. शरीर एका कुशीवर कलले तरी डोके बहुधा क्षितिजाशी समतल राहते. वळणाऱ्या घारीच्या चित्रात डोकेही शरीराबरोबर कललेले काढले, तर घार वळत नाही, पडते आहे असे वाटते.

रेखाटन: घारीचे उदाहरण

अभ्यासासाठी घार हा भारतीय विद्यार्थ्याला सर्वांत सोयीचा पक्षी आहे. ती शहरांत वर्षभर दिसते, पंख न हलवता बराच वेळ घिरट्या घालते आणि प्रत्येक फेरीत तीच मुद्रा पुन्हा दाखवते. पहिल्या फेरीत अपुरी राहिलेली रेषा दुसऱ्या फेरीत पूर्ण करता येते.

आरंभी पक्ष्याचा अक्ष, म्हणजे चोचीपासून शेपटीपर्यंतची एकच रेषा काढतात. तिच्यावर अंड्याच्या आकाराचे शरीर येते. अंड्याचा रुंद भाग पुढे. त्यानंतर पंखांची टोके नव्हे, तर दोन्ही मनगटे कोठे आहेत ते बिंदूंनी नोंदवावे. घारीचा पंखविस्तार तिच्या लांबीच्या सुमारे अडीच पट असतो; हे प्रमाण आरंभीच तपासले नाही तर कागद अपुरा पडतो आणि नकळत पंख आखूड केले जातात. मोठ्या पक्ष्यांच्या चित्रांत हा दोष वारंवार दिसतो, आणि त्याचे कारण बहुतेक वेळा अज्ञान नसून कागदाची कड हेच असते.

घिरट्या घालताना घारीचे मनगट पुढे आलेले व पंजा किंचित मागे झुकलेला असतो. समोरून पाहिल्यास तिचे पंख सपाट नसतात. आतील भाग थोडा उंच व टोके उतरती अशी हलकी कमान दिसते. पाणथळ जागी उडणाऱ्या भोवत्या पक्ष्याचे पंख याउलट उथळ इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखे वर धरलेले असतात. दूर अंतरावरून या दोघांना वेगळे ओळखण्यासाठी पिसांच्या रंगापेक्षा ही एक रेषा अधिक विश्वसनीय ठरते.

शेपूट खाचदार असते, पण ती पूर्ण पसरली की खाच जवळजवळ नाहीशी होते. घार शेपूट सुकाणूप्रमाणे शरीरापासून स्वतंत्रपणे पिळते. अक्षाला काटकोनात न काढता शेपटीची कड थोडी तिरपी केली, तर एवढ्यानेच चित्रात वळणाचा भास येतो. किनारपट्टीवर दिसणाऱ्या ब्राह्मणी घारीची शेपूट मात्र गोलसर असते. कोकण-गोव्यातील दृश्यात खाचदार शेपटीची ब्राह्मणी घार काढणे ही चूक ठरेल.

दोन्ही पंख एकसारखे दिसण्याचा प्रसंग क्वचितच येतो: पक्षी थेट डोक्यावर असेल किंवा अगदी समोरून येत असेल तेव्हाच. एरवी जवळचा पंख लांब व दूरचा आखूड, किंवा एकाची वरची बाजू व दुसऱ्याची खालची बाजू दिसते. यथादर्शनाचा हा भाग कठीण वाटल्यास जाड कागदाचा पक्षी कापून, मनगटाच्या जागी घडी घालून, तो दोऱ्याने टांगावा आणि निरनिराळ्या कोनांतून रेखाटावा. दूरच्या पंखाची आखूड झालेली लांबी डोळ्याला पटत नाही. ती मोजूनच मान्य करावी लागते.

पिसे सर्वांत शेवटी येतात. प्रथम आच्छादक, प्राथमिक व दुय्यम या गटांच्या सीमा आखाव्यात, मग प्राथमिक पिसांचे कणे मनगटाजवळील उगमापासून बाहेर न्यावेत आणि त्यानंतरच कडा पूर्ण कराव्यात. घारीच्या पंखाच्या टोकाला पिसे बोटांसारखी सुटी दिसतात. ही बोटे मोजावीत. दहाही पिसे सुटी काढली की घार राहत नाही. सगळी पिसे सारख्याच ठळकपणे दाखवण्याचा मोह आवरणे हे या टप्प्यातील मुख्य काम आहे. डोके, पुढची कड आणि टोकाची काही पिसे स्पष्ट असावीत; उरलेली छटेतून सुचवावीत. वर्षातील काही काळ पिसे गळून नवी येत असतात व दोन्ही पंखांत बहुधा सारख्याच ठिकाणी फट दिसते. प्रत्यक्ष पाहिलेली अशी फट भरून टाकण्याचे कारण नाही.

छायाप्रकाश

आकाशातील पक्ष्याला प्रकाश वरून मिळतो आणि आपण त्याची सावलीची बाजू पाहतो. त्यामुळे पांढरा बगळादेखील उजळ आकाशासमोर करडा दिसतो. मात्र पाणी, वाळू किंवा वाळलेले गवत यांवरून परतलेला प्रकाश पोटाखाली पोहोचतो आणि त्या पृष्ठभागाची छटा घेऊन येतो. खाडीवरून उडणाऱ्या बगळ्याच्या पोटाखालची सावली थंड निळसर, तर तांबड्या मातीवरून जाणाऱ्याची उबदार असते.

पिसे काही प्रमाणात पारदर्शक असतात. सूर्य पक्ष्याच्या मागे असेल तर जेथे पिसाचा एकच थर आहे तेथे पंख उजळतो, दोन थर एकमेकांवर येतात तेथे गडद पट्टी पडते आणि हाडामांसाचा पुढचा भाग अपारदर्शक राहतो. ही तीन मूल्ये नीट साधली तर प्रत्येक पीस वेगळे काढण्याची गरज उरत नाही. पांढऱ्या कागदावर पांढरा पक्षी काढताना आकाशाची छटा आधी देऊन पक्ष्यासाठी कोरा कागद राखून ठेवणे, हा जलरंगातील जुना आणि खात्रीचा उपाय आहे.

जातीनुसार फरक

बगळे उडताना मान इंग्रजी 'एस' अक्षरासारखी मागे घेतात. करकोचे, क्रौंच, शराटी व रोहित मान पुढे ताणतात. पाय या सर्वांचेच शेपटीमागे लांबतात. मान ताणलेला उडता बगळा ही चित्रांत व भित्तिशिल्पांत सर्वत्र आढळणारी चूक आहे. शिकारी पक्षी पाय शेपटीखाली मागे घेतात, तर चिमणीसारखे लहान पक्षी ते पोटाच्या पिसांत दडवतात.

पाकोळीच्या पंखात हाताचा भाग आखूड व पंजाचा भाग फार लांब, म्हणून पंख कोयत्यासारखा दिसतो. अल्बट्रॉसमध्ये याउलट हाताचाच भाग लांबलेला असतो. गिधाडाचा पंख रुंद, आयताकृती व टोकाशी फाटलेला असतो.

गिधाडांच्या बाबतीत या चित्रणाला केवळ कलेपलीकडचे महत्त्व आहे. १९९० च्या दशकापासून भारतातील गिधाडांची संख्या अतिशय वेगाने घटली. गुरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे औषध त्याचे मुख्य कारण ठरले आणि २००६ मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. उरलेल्या पक्ष्यांची गणना करणाऱ्याला ते अनेकदा खालून, उंचावर, काही सेकंदच दिसतात. पांढऱ्या पाठीच्या प्रौढ गिधाडाच्या पंखाची खालची आच्छादक पिसे पांढरी व उड्डाणाची पिसे गडद असतात. हा विरोध चित्रात पुसट झाला तर हस्तपुस्तिका वाचणाऱ्याची नोंदही चुकते. रॉजर टोरी पीटरसन याने १९३४ च्या आपल्या हस्तपुस्तिकेत तपशील गाळून केवळ ओळखीच्या खुणांवर बोट ठेवणारी चित्रे दिली, आणि उडत्या पक्ष्यांच्या छायाकृती तेव्हापासून अशा पुस्तकांचा नेहमीचा भाग झाल्या. भारतात सलीम अली यांचे 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्स' हे पुस्तक १९४१ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने प्रसिद्ध केले.

छायाचित्रांचा वापर

आज बहुतेक चित्रकार छायाचित्राचा आधार घेतात आणि त्यात गैर काही नाही. तथापि छायाचित्राच्या काही मर्यादा ध्यानात ठेवाव्या लागतात. अतिशय अल्प काळात टिपलेली प्रतिमा फटक्याच्या मध्यावरची, डोळ्याने कधीच न पाहिलेली मुद्राही दाखवते. ती खरी असली तरी चित्रात विचित्र वाटते. पंख दिशा बदलतो ते वरचे व खालचे टोक डोळ्याला अधिक स्पष्ट दिसते, म्हणून पुष्कळ चित्रकार त्या आसपासचा क्षण निवडतात. मोबाइलच्या कॅमेऱ्यात प्रतिमा ओळीओळीने नोंदली जाते. जलद हलणारा पंख त्यात प्रत्यक्षात नसलेला बाक घेऊन येतो, आणि अशा प्रतिमेवरून काढलेले चित्र त्या बाकासह उतरते. तसेच उजळ आकाशासमोर कॅमेरा पक्ष्याची खालची बाजू काळी करून टाकतो, तर डोळ्याला तेथील छटा दिसत असतात.

यासाठी मैदानातील जलद रेखाटने व छायाचित्रे एकमेकांशी ताडून पाहण्याची पद्धत रूढ आहे. मैदानात वहीच्या एकाच पानावर दहा-पंधरा अपुरी रेखाटने करावीत; पक्षी पाहताना कागदाकडे न पाहणे आणि तो दिसेनासा झाल्यावर डोळ्यांसमोर उरलेली आकृती लगेच उतरवणे, असा सराव करतात. मऊ पेन्सिल पुरेशी होते. खोडरबर मैदानात न नेलेलेच बरे. घरी आल्यावर छायाचित्रातून पिसांचा क्रम व प्रमाणे दुरुस्त करता येतात, पण मुद्रा मात्र मैदानातील रेखाटनातूनच घ्यावी.